खाऱ्या पाण्याचा गुलाब

तारबाबूंची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो आहे, पण अर्धीच. लग्नघरी पंगत उठल्यावर, कचेरीतल्या कोणाच्या निरोपाच्या चहाला, हल्ली नातवंडांपुढे, कुणी ना कुणी म्हणतंच, "ते तारबाबू करून दाखवा." मग मी त्यांचं बोलणं करून दाखवतो, त्यांचा काळा कोट, चहाच्या पेल्यावर टकटक करणारी त्यांची बोटं. लोक हसतात. हसणं ऐन भरात आलं की मी पाणी मागतो आणि विषय बदलतो. पुढचं सांगावं लागू नये म्हणून मी ती जागा फार वर्षांपासून ठरवून ठेवली आहे. माझ्या बायकोलाही मी त्यापुढचं सांगितलं नाही. ती गेली. आता माझीही दृष्टी अधू झाली आहे, म्हणून जे सांगितलं नाही ते लिहून ठेवतो. आधी हसण्याजोगं लिहितो, कारण ते खोटं नव्हतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी अमरावतीचा. अकोल्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली आणि जठारपेठेत खोली शोधत फिरत होतो. एका घराच्या ओट्यावर एक उंच, वाळकेले गृहस्थ चैत्रातल्या उन्हात काळा कोट घालून, सगळी बटणं लावून बसले होते. खोली आहे का, असं मी विचारलं.

"गाव?"

"अमरावती."

"पेटी वाजवता?"

"नाही."

"भजन?"

"नाही."

"राहा."

एवढ्यावर मी त्या घरात चार वर्षं राहिलो.

रेल्वेच्या तारघरात त्यांनी उभा जन्म काढला होता. बडनेरा, मूर्तिजापूर, शेवटी धामणगाव. एका शब्दाला किती पैसे पडतात हे लोकांना सांगता सांगता त्यांचं स्वतःचंच बोलणं आखडून गेलं होतं. "जास्त बोललं का चार्ज वाढते," ते म्हणत, आणि हे वाक्य त्यांच्या दृष्टीनं भाषणच होतं. समोरचा बोलू लागला की त्यांची बोटं ओट्यावर, पेल्यावर, स्वतःच्या गुडघ्यावर टकटक करत राहत. आपलं बोलणं ते मनातल्या मनात कुठल्या तरी स्टेशनला पाठवत आहेत असं वाटे. दूर इंजिनाची शिटी झाली की खिशातलं घड्याळ न काढता म्हणत, "लेट." बहुधा ते बरोबर असे.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, इतक्या वर्षांत काय काय तारा आल्या? बराच वेळ बोटं वाजवून ते म्हणाले, "मेल्याची तार अन कापसाच्या भावाची तार. आवाज एकच असते."

बायको फार पूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. नांदगाव खंडेश्वरला एक थोरली बहीण आणि तिचा मुलगा, एवढंच गणगोत. घरी कोणी येत नसे. गल्लीतली माणसं त्यांना घमेंडी समजत. मला ते तसे कधी वाटले नाहीत. कुणाशी बोलावं हेच त्यांना सुचत नसावं, आणि न बोलता बसलेल्या माणसाजवळ कोणी थांबत नाही.

कोट ते एकाच ठिकाणी काढत, बागेत. आवारात एक कडुनिंब होता, त्याला ठोकलेल्या खिळ्यावर कोट लटकला म्हणजे बाबू गुलाबांत आहेत असं समजायचं.

गुलाब म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे जे येईल ते नव्हे. माझे मामा अमरावतीच्या कॅम्पात वकील होते. त्यांच्या बंगल्यापुढे खरे गुलाब होते, विलायती, रानटी खुंटावर डोळे भरून, म्हणजे कलम करून, तयार केलेले, मुठीएवढे. त्यांना शेणखत, मासळीचं खत, दिवसातून दोनदा पाणी, उन्हाळ्यात तट्ट्यांची सावली, आणि एवढं करून वर्षाकाठी त्यातले काही मरतच. बाबूंची झुडपं गुडघ्याएवढी, गोल, जमिनीला बिलगलेली. पानं बारीक आणि जाड. फुलं लहान, फिक्या गुलाबी रंगाची, घोसात येणारी. वास म्हणाल तर सकाळी वाकून घेतला तर होता. खत नाही, औषध नाही, आधाराला काठी नाही. दिवाळीनंतर एकदा विळ्यानं गवतासारखी वरून छाटणी, की झालं. पण वैशाखात, जेव्हा मामांचे माळी डोक्याला हात लावून बसत, तेव्हा ही झुडपं फुललेली असत.

मूळ झुडूप त्यांना धामणगावच्या स्टेशनावर सापडलं होतं. इंजिनाची राख टाकायच्या जागेमागे, जिथं कोणी पाणी घालत नव्हतं अशा ठिकाणी, ते उन्हाळ्यात फुललेलं दिसलं. पेन्शनीत निघताना त्यांनी त्याच्या फांद्या आणल्या आणि लावल्या. पुढे त्याच्या बोंडांतलं बी पेरून रोपं करायची, तगतील ती ठेवायची, बाकीची उपटायची, असा त्यांचा क्रम सुरू झाला. उपटताना त्यांना दयामाया नसे. एखादं रोप दुपारी मान टाकू लागलं की त्याच्यापुढे उकिडवे बसून ते क्षणभर पाहत आणि म्हणत, "याले नोकर पाह्यजे." दुसऱ्या दिवशी ते रोप जागेवर नसे.

आता फुलवाल्या बाईंबद्दल.

पन्नाशीच्या पुढच्या, विधवा. मोर्णा नदीच्या पलीकडे त्यांचा लहानसा मळा होता. रोज सकाळी डोक्यावर फुलांची पाटी घेऊन त्या जठारपेठेत येत. घरोघर पूजेचे पुडे टाकून झाले की बाबूंच्या ओट्यावर येऊन बसत. बाबू गुळाचा काळा चहा करत, एक पेला त्यांच्यापुढे सरकवत. तो चहा प्यायच्या वेळेत बाबू दिवसभराचे सगळे शब्द खर्च करत असत. मी खोलीतून कचेरीचे कपडे चढवता चढवता ऐकायचो.

"बाबू, खरं सांगा, हे गुलाब व्हय का बोरं?"

"गुलाब."

"हारात ओवले तं नवरदेव म्हनन, मले कायले बोराचा हार घातला!"

"नवरदेव कुठं पाह्यते? त्याची नजर नवरीवर."

"आता बाप्पा! आज तं बाबूनं लय खर्च केला! बिल कोन भरन?"

बाबूंच्या मिशा हलत. ते हसले हे तेवढ्यावरून ओळखायचं.

बाई झुडपांच्या फांद्या मागत आणि बाबू देत नसत. "नाही झालं अजून," एवढंच उत्तर. "चार फांट्या देल्ल्या तं तुमची जहागीर बुडते काय?" असं बाई म्हणत. एकदा तर ओट्यावरून उठता उठता ओरडल्या, "पाह्यजा, एक दिवस तुमी गावले गेले का साऱ्याच्या साऱ्या कापून नेतो का नाही!" गल्लीतल्या दोन घरांना ते ऐकू गेलं असेल. मीही हसलो होतो.

त्यांचं खरं दुखणं त्यांच्या विहिरीचं होतं. मोर्णेपलीकडचा तो पट्टा खारपाणाचा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात झेंडू, शेवंती साधायची. फाल्गुन लागला की विहिरीतलं पाणी असं खारट होई की पिकाला दिलं तर मुळं जळत. म्हणजे ऐन लगनसराईत, जेव्हा हारांना मागणी, तेव्हाच बाईंचा मळा उघडा. गोड्या पाण्याच्या मळेवाल्यांकडे जाऊन त्या दुसऱ्यांच्या फुलांचे हार मजुरीनं ओवत. हे त्यांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं. कुरकुर म्हणून नव्हे, सहज. "माही स्वतःची वाडी हाय, अन लगनसराईत मी लोकायच्या वाडीत बसतो," असं त्या म्हणाल्या.

बाबूंची बोटं थांबली. ते म्हणाले, "पानी आणा."

"कोनतं पानी?"

"तुमच्या विहिरीचं."

"कायले जी? जनावरं तोंड नाही लावत त्याले!"

"आणा."

तेव्हापासून बाईंच्या डोक्यावर पाटी आणि कमरेवर घागर असे. गावात चेष्टा झाली. अख्खं अकोलं गोड पाण्यासाठी जीव टाकतं आणि हा म्हातारा खारं पाणी मागवतो! बाईही येताजाता म्हणत, "या येड्या बाबूपायी माही कंबर गेली." पण घागर चुकवत नसत. बाबू ते पाणी रोपांना घालत. कोणती जळली, कोणती तगली ते पाहत, तगलेल्याचं बी पुन्हा पेरत. माझ्या तिसऱ्या वर्षी भिंतीकडच्या वाफ्यात एक झुडूप असं निघालं की बाईंच्या विहिरीचं वैशाखातलं पाणी पिऊन ते घोसांनी लवून गेलं. बाबूंनी त्याच्याच फांद्या लावून भिंतीच्या कडेनं त्याची ओळ केली. बाकी सगळं उपटून टाकलं. बाईंना त्यातलं काही सांगितलं नाही.

मला मात्र सांगितलं. फाल्गुनातली सकाळ होती, बाई नुकत्याच गेल्या होत्या. बाबू फाटकाशी उभे राहून त्या गेल्या त्या वाटेकडे पाहत होते. मी टोपी घालून निघालो तर मला थांबवून म्हणाले, "हा उन्हाळा गेला का बाईले देतो. सारी ओळ." मग थोडं थांबून, जणू माझ्यासाठी वरचे पैसे मोजून, "त्यायच्यासाठीच केली."

त्यांनी मला, भाडेकरू पोराला, हे सांगावं याचा मला केवढा अभिमान वाटला होता!

गुढीपाडवा झाल्यावर नांदगावहून बहिणीच्या आजारपणाचा निरोप आला. बाबू निघाले. फाटकाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "पानी बाई आणतीन. आठव्या दिवशी घाला. बाकी काही नाही."

"बाकी काहीच नाही?"

"काही नाही."

बाई ठरल्याप्रमाणे घागर आणत. पण आत येत नसत. फाटकाबाहेर उभ्या राहून घागर माझ्या हातात देत. पहिल्या दिवशी मी आत बोलावलं तर म्हणाल्या, "बाबू घरी नाहीत, तं मी आत कायले येऊ भाऊ? लोक चांगले नसतात." त्या सगळ्या काळात त्यांचं पाऊल फाटकाच्या आत पडलं नाही. हे मी अगदी खात्रीनं सांगतो, कारण फाटक उघडणारा मीच होतो.

आधीच्या हिवाळ्यात मामा एकदा अकोल्याला आले होते. बाबू घरात नसताना त्यांनी ती ओळ पाहिली आणि नाक मुरडलं. वाकून झुडपांच्या बुडाशी बघत म्हणाले, "कलमाचा जोड दिसत नाही. म्हाताऱ्यानं जमिनीत गाडलेला दिसतोय. आणि हे बघ, खालून केवढं जंगल माजलंय! हे सगळे खुंटाचे, कलमाखालच्या रानटी झाडाचे, फुटवे. सगळा जोम हेच खातात. जमिनीतून वर आलेलं दिसलं की कापायचं, अगदी मुळाशी. मग बघ फुलं कशी मोठी होतात." मी लहानपणापासून त्यांच्या बागेत हेच शिकलो होतो. त्यांनी दिलेला डोळे भरायचा छोटा चाकू माझ्या पेटीत होता.

मामांचं म्हणणं मामांच्या झाडांपुरतं खरं होतं. बाबूंच्या झुडपांना जोडच नव्हता. ती आपल्याच मुळांवर उभी होती, जमिनीतून वर येणारी प्रत्येक फांदी ही त्याच झुडपाची खरी फांदी होती. हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यायचं असतं तर चार वर्षांत मी विचारू शकलो असतो. बाबूंनीच आणखी दोन शब्द खर्च केले असते तर, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत असे. ते आता सांगत नाही. त्यांनी "काही नाही" असं दोनदा सांगितलं होतं.

एका सुटीच्या दिवशी सकाळी मी चाकू घेऊन बसलो. बाबू परत येतील तेव्हा फुलं बोराएवढी न राहता लिंबाएवढी झालेली असतील, आणि ते म्हणतील, "चांगलं." त्यांच्या तोंडून हा एक शब्द मला हवा होता. एकेका झुडपाच्या बुडाची माती बाजूला करून मी ते सगळे फुटवे खालून, सफाईनं, कापले. कापलेल्या फांद्यांचा केवढा ढीग झाला! आवार स्वच्छ दिसावं म्हणून तो ढीग मी रस्त्यावरून जाणाऱ्या शेळ्यांपुढे टाकला. त्यांनी काटेसुद्धा ठेवले नाहीत.

ती झुडपं तगत होती ती त्या खालच्या दाट फांद्यांमुळेच. त्या आपल्या बुडावर सावली धरत. सावली गेली आणि वैशाखाचं ऊन सरळ काळ्या मातीवर पडलं. आपली काळी माती उन्हात कशी फाटते ते वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको. आठवड्यात हात जाईल अशा भेगा पडल्या. त्या भेगांत मुळं तुटून लोंबताना मला दिसली. मी घाबरून भेगा माती टाकून बुजवल्या. रोज संध्याकाळी गोडं पाणी ओतलं. पानं तांबूस झाली आणि गळाली. सबंध ओळ गेली.

बाई घागर आणतच होत्या आणि मी ती फाटकावर घेतच होतो. "कशी हायेत बाबूची बोरं?" असं त्या विचारत. मी म्हणायचो, "आहेत."

बाबू वैशाखाच्या अखेरीस आले. बहीण गेली होती. डोकं भादरलेलं, कोटाखाली खांदे आणखी उतरलेले. पिशवी ओट्यावर ठेवून ते तसेच भिंतीकडे गेले. कोट काढला नाही. उकिडवे बसून त्यांनी एका खोडाची माती सारली आणि कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"चाकू," ते म्हणाले.

मी मागे उभा होतो.

"फांट्या कुठं हायेत?"

मी रस्त्याकडे पाहिलं.

"कोन आलतं?"

आणि मी म्हणालो, "बाईच येत होत्या. पाणी घेऊन."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं सहज निघालं. बाबूंची बोटं हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. बाबू आलेले बघून आनंदानं हाका मारत आल्या, "आले का बाबू? लय दिवस लावले! बहीन कशी हाय?" फाटक बंद होतं. बाबू आतल्या बाजूनं उभे होते. मी कचेरीला निघालो होतो, तो ओट्यावरच थांबलो.

बाबू म्हणाले, "मागितल्या असत्या तं देल्ल्या असत्या."

"काय?"

"फांट्या. तुमच्याचसाठी होत्या."

बाईंना कळायला वेळ लागला. मग त्यांनी फाटकावरून भिंतीकडे पाहिलं. वाळलेली ओळ पाहून त्यांचा हात तोंडावर गेला. "हे कोनं केलं जी?" आणि मग बाबूंच्या चेहऱ्याकडे पाहून, हळूच, "म्या? म्या केलं म्हन्ता तुमी?"

बाबू भिंतीकडे पाहू लागले.

"मी चोर हाव? मी, बाबू? रोज सकायी तुमचा चहा पेली, तुमच्यासाठी कंबर मोडून पानी वाह्यलं, अन मी चोर?" त्यांचा आवाज चढला. "मी फाटकाच्या आत पाय नाही टाकला! या भाऊले इचारा! सांगा भाऊ, मी आत आल्ती काय? सांगा!"

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. बाबूंच्या डोळ्यांत काय होतं ते मला अजून दिसतं. मी "नाही" म्हणावं, अशी ते वाट पाहत होते. माझ्या एका शब्दावर त्यांनी बाईंना आत घेतलं असतं. आणि मी "नाही" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग कोणी?

मी म्हणालो, "मी दिवसभर कचेरीत असतो. मला काय ठाऊक?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कमरेवरची घागर उतरवली आणि तिथंच रस्त्यावर पालथी केली. सगळं पाणी वाहून जाईपर्यंत थांबल्या. पाटी सावरली आणि गेल्या.

त्यानंतर त्यांनी गल्ली बदलली. मागच्या गल्लीतून त्यांची "फुलंऽ घ्या फुलं" ही आरोळी सकाळी ऐकू येई. बाबू त्या वेळेला ओट्यावर येऊन उभे राहत. आरोळी लांब जाईपर्यंत उभे असत, मग आत जात. चहा त्यांनी सोडला. माझ्याशी बोलणं आधीच थोडं होतं, ते आता "हो", "नाही" एवढ्यावर आलं. माझ्यावर राग नव्हता. कुणाशी बोलावं असं त्यांना आता वाटत नव्हतं. शिटी झाली तरी ते "लेट" म्हणत नसत. कडुनिंबाचा खिळा रिकामा राहिला. कोट दिवसरात्र अंगावरच असे.

पावसाळ्यात मी मामांकडून एक विलायती गुलाब कुंडीत घालून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं होतं ते रागावतील, फेकून देतील. एरवी असल्या झाडाला ते एक दिवसही ठेवते ना. पण मी आणलेलं म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ, न चुकता, त्याला पाणी घातलं. ते मला पाहवत नसे. मी तेवढ्या वेळी खोलीचं दार लावून घेत असे.

दिवाळीनंतर माझी बदली अमरावतीला झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी धीर करून त्यांच्यापुढे जाऊन बसलो. म्हणालो, "बाबू, त्या झुडपांचं... बाईंचं एक सांगायचं होतं..."

त्यांनी हात वर केला. "झालं," म्हणाले.

मी आणखी एक वाक्य बोललो असतो तर त्यांनी ते ऐकलं असतं. मला ते थांबवत होते ते त्यांना दुखत होतं म्हणून. मी मात्र थांबलो ते मला सुटल्यासारखं वाटलं म्हणून. सकाळी पाया पडलो आणि स्टेशनावर आलो.

काही वर्षांनी कामानिमित्त धामणगावला गेलो असताना फलाटावर त्यांचा भाचा भेटला. बाबूंनी अकोल्याचं घर विकलं होतं, नांदगावला भाच्याकडे जाऊन राहिले होते आणि तिथंच गेले होते. त्याला दोन पावसाळे झाले होते. "मामा शेवटी काहीच बोलत नव्हते," भाचा म्हणाला. "वावरात नेलं तरी बांधावर बसून राहत. गुलाब लावता का म्हटलं, तं नाही म्हणत."

बाबू गेले तरी बाई होत्या. मी रजा काढली आणि अकोल्याला गेलो. वाटभर गाडीत मी एकच घोकत होतो: बाई, त्या फांद्या मी कापल्या. बाबूंनी ती ओळ तुमच्यासाठी केली होती आणि मी ती मारली. तुम्ही आत आला नव्हता हे मला ठाऊक होतं. मला माफ करा.

मोर्णेपलीकडे त्यांचा मळा शोधायला वेळ लागला नाही. लगनसराईचे दिवस होते. जमीन उघडी पडली होती, पांढरट मीठ वर आलेलं. टिनाच्या छपराखाली पोत्यावर बसून बाई कोणाची तरी फुलं ओवत होत्या. डोळे जवळजवळ गेले होते. बोटं चाचपून सुई घालत होती.

"कोन?"

मी ओळख दिली. त्यांचा चेहरा फुलला. "बाबूच्या घरचे भाऊ! बसा, बसा जी. लय दिवसानं आले!" सुनेला हाक मारून त्यांनी चहा सांगितला. मी पोत्याच्या कडेला बसलो. घोकलेलं पहिलं वाक्य ओठांवर होतं.

"बाबू कसे हायेत?" त्यांनी विचारलं.

त्यांना कळलं नव्हतं. नांदगावची बातमी मोर्णेपलीकडे कोण आणणार?

मी तोंड उघडलं, पण त्या थांबल्याच नाहीत. सुई बाजूला ठेवून त्यांनी माझा हात चाचपून धरला. "राहू द्या, नका सांगू. राग असनच त्यायच्या मनात. पन तुमी भेटता ना त्यायले? मंग माहा एक निरोप सांगजा. म्हना, बाई म्हने, फांट्या म्या नाही नेल्या. पन त्या दिवशी म्या तुमच्या दारात पानी सांडलं, ते माहं चुकलं. त्यायनं माह्यासाठी झाड केलं, अन म्या रागानं एक शब्द नाही ऐकला. माफ करा म्हना." मग माझा हात दाबून म्हणाल्या, "अन तुमीबी माफ करा भाऊ. तुमी कचेरीत राहत व्हते, तुमाले कसं ठाऊक असन? म्या उगाच तुमाले मधात ओढलं."

सून चहा घेऊन आली. गुळाचा, काळा. मी तो प्यालो.

निघताना बाईंनी पुन्हा विचारलं, "सांगसान ना बाबूले?"

मी म्हणालो, "सांगतो."